समाजसंशोधन व लोककार्य केंद्रे, कॅथलिक

समाजसंशोधन व लोककार्य केंद्रे, कॅथलिक : कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणीतून प्रेरणा घेऊन समाजाच्या, विशेषतः ग्रामीण व दुर्बल घटकांच्या, स्थितीचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आणि त्या अभ्यासाच्या आधारे प्रशिक्षण, लोकसंघटन व विकासकार्य हाती घेणाऱ्या संस्था. मिशनची रुग्णालये, शाळा, अनाथाश्रम इत्यादींहून त्या भिन्न आहेत. रुग्णालय आजाऱ्यावर उपचार करते. समाजसंशोधन केंद्र आजार व दारिद्र्य एकाच वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहतात, याचा शोध घेते. महाराष्ट्रात अशा केंद्रांचा इतिहास स्वातंत्र्योत्तर काळात पुण्यात सुरू झाला आणि पुढे अहमदनगरचा अवर्षणग्रस्त प्रदेश, ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पट्टा व पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीचा डोंगराळ भाग येथवर पोहोचला. संशोधन कोणी करावयाचे, कोणाविषयी करावयाचे व त्यातून मिळणारे ज्ञान कोणाच्या मालकीचे, या प्रश्नांना या केंद्रांनी व त्यांच्या प्रभावातून निघालेल्या स्वतंत्र संस्थांनी वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांमधील बदल हाच त्यांच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

पूर्वपीठिका : मराठी प्रदेशात ख्रिस्ती मिशनांचे समाजकार्य एकोणिसाव्या शतकात विस्तारले. प्रॉटेस्टंटांपैकी अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे कार्य सुरू केले. मुंबई-पुणे भागातील कॅथलिक कार्याची जबाबदारी १८५० नंतरच्या दशकात जर्मन जेझुइटांकडे आली व पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत १८८६ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना हा प्रदेश सोडावा लागला. त्यानंतर पुणे भागातील मिशनकार्यात स्विस जेझुइटांचा वाटा मोठा राहिला. शाळा, वसतिगृहे, दवाखाने व दुष्काळातील अन्नछत्रे हे या काळातील कार्याचे मुख्य स्वरूप होते. १८७६–७८ व १८९९–१९०० या दुष्काळांत अशा मदतीने अनेकांचे प्राण वाचले. तथापि मदत व धर्मांतर यांच्या संबंधाविषयीचा संशयही याच काळात दृढ झाला आणि तो पुढील शतकातही या संस्थांचा पाठलाग करीत राहिला. गावाची जमीन कोणाकडे, कर्ज कोणाचे व पाणी कोणाला, या प्रश्नांचा स्वतंत्र अभ्यास मात्र या कार्यात क्वचितच होता.

वैचारिक प्रेरणा : पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रकाद्वारे कामगारांची स्थिती, वाजवी वेतन व संघटनेचा हक्क यांविषयी चर्चची भूमिका मांडली. कॅथलिक सामाजिक शिकवणीचा आधुनिक आरंभ या पत्रकापासून मानतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) चर्चने आधुनिक जगाच्या सुखदुःखांशी समरस व्हावे, असा विचार पुढे आणला. पोप सहावे पॉल हे १९६४ मध्ये मुंबई येथील आंतरराष्ट्रीय धर्ममेळाव्यास उपस्थित राहिले. त्यांच्या १९६७ च्या पत्रकात राष्ट्रांच्या विकासाचा प्रश्न केंद्रस्थानी होता. जेझुइट संघाच्या १९७४–७५ मधील सर्वसाधारण सभेने श्रद्धेची सेवा व न्यायाचा पुरस्कार ही दोन्ही कार्ये परस्परांपासून वेगळी करता येणार नाहीत, असे ठरविले.

याच सुमारास ब्राझीलचे शिक्षणतज्ञ पाउलो फ्रेरी यांचे विचार भारतातील कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचले. निरक्षर माणूस हा ज्ञानाने रिकामा नसतो, स्वतःच्या परिस्थितीचे नाव स्वतः उच्चारू लागणे ही त्याच्या मुक्तीची पहिली पायरी होय, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. दुष्काळनिवारण, विकास व लोकजागृती या तीन अवस्थांमधून मराठी प्रदेशातील केंद्रांचा प्रवास झाला, त्याच्या मुळाशी हा वैचारिक पालट होता. मात्र या अवस्था एकापाठोपाठ एक संपत गेल्या नाहीत. अनेक ठिकाणी त्या शेजारी शेजारी नांदल्या.

पुणे येथील आरंभ : जेझुइट संघाचे जेरोम डिसूझा (१८९७–१९७७) यांनी १९५१ मध्ये पुण्यात ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल ऑर्डर’ ही संस्था स्थापिली. डिसूझा हे मद्रासकडून संविधान सभेचे सदस्य होते व अल्पसंख्याकांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडावा, या भूमिकेचे त्यांनी समर्थन केले होते. नव्या प्रजासत्ताकात ख्रिस्ती समाजाने आपल्या संस्थांपुरते न पाहता राष्ट्राच्या सामाजिक पुनर्रचनेत भाग घ्यावा, हा विचार संस्थेमागे होता. सामाजिक कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, कामगार संघटना व सहकार यांचा अभ्यास आणि ‘सोशल ॲक्शन’ या नियतकालिकाचे प्रकाशन ही तिची आरंभीची कामे होत. १९६३ मध्ये संस्था दिल्लीस हलली व ‘इंडियन सोशल इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास बंगलोर येथे तिचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पुढील दशकांत दलित, आदिवासी, स्त्रिया व विस्थापित यांच्या प्रश्नांवरील संशोधनामुळे संस्थेस राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली.

संस्था दिल्लीस गेली, तरी पुण्यातील कॅथलिक विद्याकेंद्रांचे महत्त्व ओसरले नाही. कँडी (श्रीलंका) येथील पोपप्रणीत धर्मविद्यालय १९५५ मध्ये पुण्यास आले. या विद्यालयाच्या परिसरामुळे देशभरचे व परदेशांतीलही धर्मशास्त्राचे विद्यार्थी व अध्यापक पुण्यात राहू लागले. मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइटांनी पुण्याच्या जुन्या पेठेत ‘स्नेहसदन’ ही संस्था उभारली. मराठी संतपरंपरा व आधुनिक महाराष्ट्रातील विचारप्रवाह यांचा अभ्यास आणि धर्माधर्मांतील संवाद हे तिचे क्षेत्र होते. मराठी समाज समजून घ्यावयाचा, तर मराठी भाषा व तिचे वाङ्मय यांतूनच जावे लागते, ही जाणीव या परिसरात अशा रीतीने रुजली. मावळातील पुढील कार्याला तिचा उपयोग झाला.

अहमदनगर, पाणलोटाचा प्रयोग : हर्मान बाखर हे १९२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील ‘सोशल सेंटर’च्या उभारणीत त्यांचा वाटा प्रमुख होता. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येत असल्याने विहिरी व सिंचन यांसाठी शेतकऱ्यांना साहाय्य करणे, हे केंद्राच्या कार्याचे प्रारंभीचे रूप होते. १९७२ च्या दुष्काळाने या पद्धतीची मर्यादा दाखविली. विहिरी खोल गेल्या, तरी भूजल भरणारा पाऊस उघड्या डोंगरउतारांवरून माती घेऊन वाहून जात होता. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याऐवजी गावाचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र हा विचाराचा घटक ठरला.

या अनुभवातून १९८० नंतरच्या दशकाअखेरीस भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली व १९९० नंतरच्या दशकारंभी तो महाराष्ट्रात कार्यान्वित झाला. जर्मन विकास बँकेचा निधी, ‘नाबार्ड’ची व्यवस्था, स्वयंसेवी संस्थांचे मार्गदर्शन व ग्रामसमितीची अंमलबजावणी अशी त्याची रचना होती. माथ्यापासून पायथ्याकडे काम करणे, गावाने श्रमदान देणे आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळणे या त्याच्या मुख्य अटी होत्या. बाखर यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या पद्धतीचे बहुचर्चित उदाहरण होय. बाखर २०२१ मध्ये निधन पावले.

या प्रयोगाच्या यशाबरोबर त्याची एक अडचणही अभ्यासकांनी दाखविली आहे. विहिरीची पातळी वाढल्याचा लाभ मुख्यतः पायथ्याशी जमीन असणाऱ्यास होतो. चराईबंदीचा भार मात्र मेंढपाळ, भूमिहीन व सरपण गोळा करणाऱ्या स्त्रिया यांच्यावर अधिक पडतो. म्हणजे ‘गाव’ हा घटक धरला, तरी गावातील सर्वांचे हित एकच असते असे नाही. पाण्याचा अभ्यास हा अशा प्रकारे पुन्हा माणसांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासाकडे वळतो.

ठाणे जिल्हा, संघटनेचा मार्ग : डहाणू परिसरातील (आता पालघर जिल्हा) कष्टकरी संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी काही जण जेझुइट पार्श्वभूमीचे होते. संघटना मात्र चर्चशी संलग्न नव्हती. जमीन, जंगल व वेठबिगारी हे तिचे विषय होते. येथे अभ्यास हा संघर्षाचा भाग बनला. सातबारा उतारा, वनखात्याची नोंद व मजुरीचा हिशेब वाचता येणे ही कार्यकर्त्याची पहिली गरज ठरली. या मार्गाने चर्चच्या अधिकृत संस्थांपुढेही एक प्रश्न उभा केला. संघर्षात उतरलेल्या धर्मगुरूने संस्थेची सावली सोडावी की संस्थेने त्याच्यासह उन्हात उभे राहावे, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे आले.

मावळ-मुळशीची पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांमध्ये मावळ हा प्रदेश आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यात, मळवली रेल्वे स्थानकानजीक, लोहगड व विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्याशी भाजे हे गाव वसले आहे. तेथील २२ बौद्ध लेण्यांचा आरंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकातील असून त्यांमधील चैत्यगृह पश्चिम भारतातील सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद तेथील कोरीव लेखात आहे; स्तूपांच्या समूहावर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे आढळतात. मावळच्या लिखित इतिहासात दाते, भिक्षू व पुढे किल्लेदार, देशमुख यांची नावे अशी टिकली. खोऱ्यातील शेतकरी, मजूर व त्यांच्या स्त्रिया यांचा इतिहास मात्र मौखिक परंपरेतच राहिला. या प्रदेशातील समाजसंशोधनास पुढे मौखिक साधनांकडे वळावे लागले, त्याचे हे एक कारण होय.

मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये बोरघाटातून पूर्ण झाला व मावळ दोन शहरांच्या मधोमध आले. त्याचा लाभ मात्र डोंगरावरील वस्त्यांना थोडाच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या जलविद्युत् योजनांसाठी लोणावळा, वळवण, शिरवता व ठोकरवाडी येथे धरणे झाली. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून ते घाटाखाली सोडण्यात आले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये व भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ मध्ये झालेला सत्याग्रह हा धरणग्रस्तांच्या जगातील आरंभीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. सत्याग्रह अयशस्वी झाला. पन्नासाहून अधिक गावांना धरणाची झळ पोहोचली. स्वातंत्र्यानंतर पवना धरणामुळे मावळात पुन्हा विस्थापन झाले. ज्यांच्या डोंगरातून वीज व पाणी गेले, त्यांच्या वाड्यावस्त्यांवर दिवा मात्र फार उशिरा पोहोचला. भातखाचरे अपुरी, नाचणी-वरईची शेती उतारावरची व बाकीच्या महिन्यांत शहरातील मजुरी, असे येथील जीवन होते.

गी प्वातव्हँ व हेमा राईरकर : या प्रदेशातील अभ्यासाशी गी प्वातव्हँ (१९३४–२००४) व हेमा राईरकर (मृत्यू २०१०) यांची नावे निगडित आहेत. प्वातव्हँ हे मूळचे फ्रेंच. कॅथलिक शिक्षणपरंपरेत तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचा अभ्यास करून ते १९७२ मध्ये पुण्यास आले, मराठी शिकले व पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. महाराष्ट्रात त्या वेळी भीषण दुष्काळ होता. दुष्काळी कामांवरील माणसांना साहाय्य करणारे अनेक होते. ती माणसे आपल्या परिस्थितीविषयी काय म्हणतात, हे नोंदविणारे थोडे होते. प्वातव्हँ यांचे लक्ष या उणिवेकडे गेले. हेमा राईरकर यांच्या सहकार्याने त्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात ग्रामीण कार्यकर्त्यांचे गट बांधले. ‘व्हिलेज कम्युनिटी डेव्हलपमेंट असोसिएशन’ व ‘गरीब डोंगरी संघटना’ ही त्या कार्याची संघटनात्मक रूपे होत. संशोधनासाठी ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ हे केंद्र पुण्यात १९८० मध्ये सुरू झाले.

हे केंद्र चर्चच्या मालकीचे नव्हते व त्याच्या कार्याचा धर्मप्रसाराशी संबंध नव्हता. कॅथलिक सामाजिक विचारातून आलेली एक व्यक्ती, मराठी सहकारी व डोंगरातील शेतकरी-मजूर स्त्रीपुरुष यांच्या एकत्र येण्यातून ते घडले. त्यामुळे पुण्यातील १९५१ च्या संस्थेशी त्याचे नाते वारशाचे आहे, शाखेचे नाही.

सहकारी संशोधनाची पद्धत : केंद्राच्या नावातील ‘सहकारी’ हा शब्द येथे सहकारी सोसायटीच्या अर्थाने योजलेला नाही. ज्यांच्याविषयी संशोधन करावयाचे, तेच संशोधनात भागीदार, असा त्याचा अर्थ आहे. रूढ पद्धतीत प्रश्नावली शहरात तयार होते, उत्तरे गावातून गोळा होतात व निष्कर्ष पुन्हा शहरात छापले जातात. या केंद्राने गावातील कार्यकर्त्यांना नोंदी करण्यास, त्या नोंदींवर एकत्र बसून चर्चा करण्यास व अर्थ लावण्यास प्रवृत्त केले. अनेक कार्यकर्त्यांचे शालेय शिक्षण अल्प होते. काही स्त्रियांना लिहिता येत नव्हते. शिबिरांत एकीने सांगावे, दुसरीने लिहावे व सर्वांनी अर्थाविषयी बोलावे, असा क्रम असे. पारंपरिक सुईणींचे ज्ञान, वडार समाजाच्या कथा व त्यांतून प्रकट होणारी आत्मप्रतिमा, तसेच शेतकरी स्त्रियांची आत्मकथने हे अभ्यासाचे विषय होते. शेतकरी स्त्रियांच्या निवेदनांवर आधारलेले प्वातव्हँ व राईरकर यांचे ‘इंडियन पेझंट विमेन स्पीक अप’ हे इंग्रजी पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. दया पवार यांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनाचा प्वातव्हँ यांनी केलेला फ्रेंच अनुवाद १९९० मध्ये पॅरिस येथे निघाला.

जात्यावरील ओव्या : केंद्राचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे जात्यावरील ओव्यांचे संकलन. पहाटे दोन स्त्रिया जात्याच्या दोन बाजूंस समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातांत असतो, एक हात अधूनमधून जात्यात मूठभर दाण्यांची वैरण घालतो व दळणाच्या लयीवर ओवी निघते. ओवी बहुधा दोन ओळींची असते. ती रचणारी, गाणारी व ऐकणारी स्त्रीच असते. घरातील पुरुष, सासू वा पाटील यांच्यासमोर जे बोलता येत नाही, ते जात्यापाशी बोलता येते. सासर-माहेर, लेकीचा जन्म, भावाची वाट, सवत, कर्ज, पंढरीची वारी, सीतेचा वनवास असे ओव्यांचे विषय आहेत. दलित वस्त्यांतील ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हा मोठा विषय आहे.

ओव्यांचा संग्रह करणे ही मराठीत नवी गोष्ट नव्हती. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ व डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे केलेले विपुल संकलन प्रसिद्धच आहे. त्या संग्रहांची दृष्टी प्रामुख्याने वाङ्मयीन होती; ओवी ही समाजाची सामायिक ठेव म्हणून तेथे येते. पुण्याच्या केंद्राने ओवीबरोबर गायिकेचे नाव, गाव व जात यांची नोंद ठेवली. अमुक ओवी अमुक बाईने, अमुक परिस्थितीत म्हटली, असे सांगता येऊ लागल्याने ती समाजशास्त्रीय साधन बनली. एकाच विषयावरील ओव्या कुणबी, मराठा, महार, धनगर अशा भिन्न समाजांतील स्त्रियांच्या तोंडी कशा बदलतात, याची तुलना शक्य झाली. शेतकरी स्त्रियांची भक्ती व मठांतील तत्त्वज्ञान यांमधील अंतर प्वातव्हँ व राईरकर यांनी ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (१९९६) या ग्रंथात तपासले आहे.

हे संकलन १९८० नंतरच्या दशकात मुळशी-मावळच्या परिसरातील गटांपासून सुरू झाले व हळूहळू महाराष्ट्रभर पसरले. सु. १,१०० गावांतील सु. ३,३०० स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. फ्रेंच संगणक-संगीतशास्त्रज्ञ बर्नार बेल हे १९९० नंतरच्या दशकात या कार्यात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांची संगणकीय सूची तयार केली व सु. १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. कागदावरील ओवीत न दिसणारी चाल, थांबा व पालुपद ही अंगे त्यामुळे जतन झाली. ही सामग्री प्रथम गुडगाव (गुरुग्राम) येथील मानववंशसंगीताच्या संग्रहालयात व नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील भाषासंग्रहात ठेवण्यात आली.

संकलनाचा काळ महत्त्वाचा ठरला. विजेवरील व डिझेलवरील पिठाच्या गिरण्या गावोगाव होत होत्या. स्त्रियांच्या शरीरश्रमाच्या दृष्टीने ही सुटकाच होती. पहाटेचे दोन-तीन तासांचे दळण कोणत्याही बाईस प्रिय नव्हते. परंतु जाते थांबले, तेव्हा त्याच्याभोवतीचे बोलण्याचे स्थळही गेले. पुढील पिढीतील मुलींनी ओव्या ऐकल्या, पण रचल्या नाहीत. केंद्राच्या दृष्टीने म्हणून प्रश्न जाते टिकविण्याचा नव्हता. जात्यापाशी जे बोलले जाई, ते ग्रामसभेत, बैठकीत व लेखनात बोलता यावे, हा होता. गरीब डोंगरी संघटनेच्या बैठकांत ओवी गाणाऱ्या स्त्रिया रेशन, पाणी व जमीन यांविषयीही बोलू लागल्या, हा या संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम होय.

आक्षेप व मर्यादा : या सर्व केंद्रांना तीन प्रकारच्या आक्षेपांस तोंड द्यावे लागले. पहिला आक्षेप धर्मांतराविषयीचा. तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनांच्या सेवाकार्यामागील हेतूंविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या; विदर्भ त्या वेळी त्याच राज्यात होता. ख्रिस्ती संस्थांनी अहवालातील निष्कर्ष नाकारले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सु. १ टक्का होती. अहमदनगरची पाणलोटाची कामे बहुधर्मीय गावांत झाली व मावळ-मुळशीचे संशोधन चर्चबाह्य होते, ही वस्तुस्थिती या वादात लक्षात घेणे आवश्यक आहे.

दुसरा आक्षेप परकीय निधीविषयीचा. विदेशी अंशदानाचे नियमन करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, २०१० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला व २०२० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. पाश्चात्त्य देणगीसंस्थांवर अवलंबून असणाऱ्या केंद्रांची कामे त्यामुळे आक्रसली. निधीचा ओघ लोकांच्या गरजेपेक्षा देणगीदाराच्या रुचीनुसार विषय ठरवितो, ही टीका काही कार्यकर्त्यांनीही केली आहे.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. लोकांना संशोधनाचे भागीदार म्हटले, तरी ग्रंथ इंग्रजी व फ्रेंच भाषांत निघाले आणि ध्वनिमुद्रणे काही काळ परदेशी संग्रहात राहिली. गाणाऱ्या बाईपर्यंत तिचीच ओवी परत कशी जावी, हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नाही. संस्थापकांच्या पश्चात केंद्राची शक्ती क्षीण झाल्याने तो अधिकच तीव्र झाला.

उत्तरकाल : पी. साईनाथ यांनी स्थापिलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने या संकलनाची जबाबदारी स्वीकारून २०१७ पासून ओव्या मूळ मराठीत, अनुवाद व ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जुन्या चमूतील काही सहकारी या कामात सहभागी झाले. नोंदवहीतील नाव व गाव यांच्या आधारे ते पुन्हा त्या गावांत गेले. काही गायिका भेटल्या, काही हयात नव्हत्या. ज्या भेटल्या, त्यांची छायाचित्रे, आठवणी व त्यांनी नव्याने गाइलेल्या ओव्या संकलनास जोडण्यात आल्या. मूळ संकलनात नाव व गाव टिपण्याची जी शिस्त पाळली गेली, तिच्यामुळेच ही पुनर्भेट शक्य झाली.

मावळातील मूळ प्रश्न मात्र संपलेले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतर जमिनीचे भाव वाढले व शेतजमिनींच्या जागी बंगले व विश्रामगृहे उभी राहिली. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेस शेतकऱ्यांचा विरोध झाला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्यू पावले. मुळशीच्या सत्याग्रहानंतर नव्वद वर्षांनीही, डोंगरातील पाणी कोणाचे, हा वाद त्याच प्रदेशात प्राणघातक ठरला.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील कॅथलिक प्रेरणेच्या समाजसंशोधनाचे फलित एका मापाने मोजता येत नाही. पुण्याच्या संस्थेने अभ्यास व कृती यांचा संबंध प्रथम संस्थात्मक रूपात मांडला. अहमदनगरच्या प्रयोगातून शासन व बँका यांनी स्वीकारलेली पाणलोट विकासाची कार्यपद्धती निर्माण झाली. डहाणूच्या संघटनेने कागदपत्रांचे ज्ञान आदिवासींच्या हाती दिले. मावळ-मुळशीत हे कार्य चर्चच्या चौकटीबाहेर गेले व तेथेच संशोधनाच्या कल्पनेत सर्वांत खोल बदल झाला. तेथे माहिती पुरविणारी स्त्री ही स्वतःच्या जीवनाची जाणकार ठरली आणि तिच्या नावासह तिचे शब्द नोंदले गेले. भाज्याच्या लेण्यांत दात्यांची व थेरांची नावे दोन हजार वर्षे टिकली. त्याच मावळात दळणाऱ्या स्त्रियांची नावे लिहून ठेवण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्या नोंदींचा उपयोग गावातील शाळा, ग्रामसभा व स्त्रियांचे गट स्वतः कितपत करतात, यावर या संशोधनाचे पुढील महत्त्व अवलंबून राहील.